फेऱ्यांचे रेडियन

"कशात?"

सरांचा हा प्रश्न ज्याने ऐकला नाही तो महाडच्या आमच्या आळीतला नव्हेच, असं खुशाल समजा. भाजीवाली वांगी "वीस" म्हणाली की सर विचारणार, "कशात? पावाला की किलोला?" कुणाच्या मुलाला ऐंशी मार्क पडले म्हणून पेढा पुढे केला, तर पेढा बोटांत धरून थांबायचे आणि विचारायचे, "कशात? शंभरात की दीडशेत?" समाधान झालं की मगच पेढा तोंडात. तोवर देणाऱ्याचा अर्धा आनंद उतरलेला असे.

सर पोलादपूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले होते. माझी पिठाची गिरणी त्यांच्या घराला लागून. मी कॉमर्सवाली, त्यामुळे वर्गात त्यांच्या तावडीतून सुटले, पण नशिबात असेल ते चुकतं थोडंच? रोज संध्याकाळी चवदार तळ्याला फेऱ्या मारून झाल्या की सर "जय भीम" म्हणत गिरणीत शिरायचे, पोत्याशेजारच्या स्टुलावर बसायचे आणि माझा फुकटचा क्लास सुरू व्हायचा.

विषय एकच. जगात जे जे गोल फिरतं, ते किती वेगाने फिरतं. पंखा, मिक्सर, रिक्षाचं चाक, माझ्या गिरणीचा दगड. त्यातही लोक म्हणतात तसं "मिनिटाला इतक्या फेऱ्या" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ती म्हणे बाजारातली भाषा. खरा हिशोब रेडियनमध्ये, आणि तोही सेकंदाला. रेडियन म्हणजे काय हे मला समजावायला त्यांनी एकदा काकींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, ताजी भाकरी उचलून आणली. भाकरीच्या मधापासून कडेपर्यंत दोरा मापला, तोच दोरा कडेवर वाकवून ठेवला, आणि तेवढी फोड कापून माझ्या हातात दिली. "हा एक रेडियन. पूर्ण भाकरीत असे सहा बसतात आणि वर थोडी कड उरते." मी तो रेडियन चटणीशी खाल्ला. काकींनी दुसरी भाकरी थापली आणि दोघांच्याही नावाने बोटं मोडली.

फेऱ्यांचे रेडियन करायची त्यांची सोपी युक्ती होती. मिनिटाच्या फेऱ्यांना दहाने भागायचं आणि वर चिमूटभर टाकायचं, पुरणात जायफळ टाकतो तेवढंच. सहाशे फेऱ्या म्हणजे साठ आणि वर चिमूट, झाले त्रेसष्ट रेडियन. मी मुद्दाम चिमूट विसरायचे. सरांच्या कपाळावर आठी पडायची.

स्वतःलाही ते सोडत नसत. तळ्याची एक फेरी त्यांना दहा मिनिटांत व्हायची. एकदा मी म्हटलं, "सर, जरा भरभर चाला की." तर गंभीरपणे म्हणाले, "मी घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या सहापट वेगाने फिरतो. या वयात आणखी काय पाहिजे?" मी दळण ओतलं.

त्यांच्या गावाला जायचं तर वरंधच्या पुढे घाटाची वळणं. मागच्या बाकावर माणसं खिडकीतून डोकी बाहेर काढून ओकतायत आणि आमचे सर पुढे बसून काकींना सांगतायत, की या वळणावर एसटी सेकंदाला साधारण पंधरा अंशांनी वळते आहे. काकी पदर तोंडाला लावून म्हणाल्या होत्या, की माझं डोकं त्याच्याहून जोरात फिरतंय, त्याचं काय ते बघा आधी. ही गोष्ट काकी दर वेळी नव्याने सांगायच्या आणि सर दर वेळी दुरुस्त करायचे, की अंश नव्हे, मी रेडियनमध्येच सांगितलं होतं.

पुराचं पाणी गिरणीत शिरलं आणि माझी जुनी मोटर गेली. नवी मोटर आणली, तिच्याबरोबर वेग कमीजास्त करायचा एक डबाही आला. त्याला बटण आणि वर चमकणारा आकडा. आकडा पन्नासवर असला की मोटर तिच्या नेहमीच्या चालीने फिरते. दासगावचा मेकॅनिक डबा भिंतीला ठोकून घाईने निघून गेला. सर कॉलेजातून फेऱ्या मोजायचं यंत्र मागून घेऊन आले. दगडाचा वेग मोजला, सहाशे भरला, खूश झाले. मी गिऱ्हाइकात होते. जाताना त्यांनी डब्याशेजारी भिंतीवर खडूने ठळक लिहून ठेवलं, ६३.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पाहिलं. सरांनी डब्याशेजारी लिहिलंय म्हणजे डब्यासाठीच असणार. लावला आकडा त्रेसष्टवर.

दगड असा काही किंचाळायला लागला की दारातल्या बायका डबे टाकून रस्त्यावर. पीठ हाताला चटके बसण्याइतकं गरम, करपल्याचा वास, जमीन थरथरतेय. मी धावत जाऊन बटण बंद केलं. एवढ्या वेगात दगड फुटला असता तर ही गोष्ट सांगायला मी नसते.

सर धोतराचा सोगा सावरत आले. मी तोंडाची तिखट, त्यात घाबरलेली. सगळं सांगितलं आणि भिंतीकडे बोट केलं. त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, तुम्हीच. त्यांनी जवळ जाऊन त्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग खिशातून खडू काढून त्यापुढे "रेडियन प्रति सेकंद" लिहिलं आणि भर गिऱ्हाइकांसमोर स्वतःचा कान पकडला. बायका हसल्या. मीही हसले. ज्यांनी एकक लिहिलं नाही म्हणून पोलादपूरच्या पोरांना वर्षानुवर्षं भोपळे दिले, त्यांना आळीने शून्य मार्क दिले. पुढे कितीतरी दिवस मी त्यांना आल्या आल्या विचारायचे, काय सर, आज किती? आणि कशात?

मग एकदा काकी दळण घेऊन आल्या आणि डबा ठेवूनही तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, दोनदा सर तळ्यावरून भलत्याच आळीत गेले होते. डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टरांनी कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. सरांनी हातानेच असं गोल वर्तुळ काढलं की डॉक्टर बघत राहिले. आकडे जागच्या जागी. बाजूला मिनिटकाट्याचा वेगही लिहिला, सेकंदाला शून्य पॉइंट शून्य शून्य एक सात रेडियन. आणि काटे लावले, एक अकरावर, आणि दोनवर हवा तो दहावर.

ती खडूची चूक मी वेडीसारखी हसण्यावारी नेली होती, आणि इथे माणूस आतून निसटत होता.

काकी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू त्यांना चुकीचं सांगत जा गो. काय पण सांग. चिडून चूक काढली ना, की मला कळतं, हायेत अजून."

तेव्हापासून आळीला हे व्रतच लागलं. रिक्षावाला म्हणायचा, सर, माझं चाक मिनिटाला तीनशे फिरतं म्हणजे तीनशे रेडियन ना? इस्त्रीवाला पंख्याचा वेग किलोमध्ये सांगायचा. मी तर पीएच.डी. केली चुकांची. रोज एक नवी काढायची. सर कपाळाला हात लावायचे, "अगं बाई, साठाने भागलंस का?" म्हणायचे, आणि त्यांच्या घराच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या काकी खाली मान घालून हसायच्या. सर वैतागले की आमची संध्याकाळ चांगली जायची. तुम्ही कुणाच्या रागाची अशी वाट पाहिली आहे का? आम्ही पाहायचो.

हळूहळू तळ्याच्या फेऱ्या थांबल्या. काकीच त्यांना हाताला धरून गिरणीपर्यंत आणायच्या. कधी उत्तर लगेच यायचं, कधी उशिरा. नावं जायला लागली. मी कोण हे ते एक दिवस विसरले, पण चिमूट विसरले नाहीत. मला त्याचाही आनंद झाला.

परवाच्या पावसाळ्यातली गोष्ट. गिऱ्हाईक नव्हतं, कुणी ठेवून गेलेलं दळण चालू होतं. सर स्टुलावर, काकी दारात. मी म्हटलं, "सर, दगड मिनिटाला सहाशे फिरतोय. म्हणजे सेकंदाला सहा हजार रेडियन झाले."

सरांनी दगडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कुठे आठी नाही.

"बरोबर," ते म्हणाले. "शाब्बास."

मी काकींकडे पाहिलंच नाही. हात उगाच पिठात घातला. गिरणीच्या आवाजातही काकींचा आवाज मला ऐकू आला, अगदी हळू.

"परत सांग ना गो. ह्याच्याहून मोठी चूक कर."

मला रडू फुटत होतं. तरी मी सांगितलं. सहा लाख म्हटलं, साठ लाख म्हटलं, शेवटी कोटीवर गेले. सर प्रत्येक आकड्याला मान डोलावत होते, वर्गातलं सगळ्यात ढ पोर एकदाचं शिकलं म्हणून खूश झाल्यासारखे. काकी आत आल्या, त्यांच्या खांद्यावर उडालेलं पीठ पदराने झटकलं, आणि हाताला धरून त्यांना घरी घेऊन गेल्या.