फाटकावरची कुंडी

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

आमचे हे हल्ली विसरतात. फाटक उघडं टाकून निघतात आणि मग परतीचा रस्ता सापडत नाही. बागेतल्या झाडांच्या नावांच्या टाइल्स मी हातानेच रंगवते, तशीच एक फाटकासाठी रंगवली. निळ्या अक्षरांत लिहिलं, 'कुंडी लावा.' कुंडी म्हणजे दाराची कडी. इंदुरात आम्ही मराठी माणसंही तिला कुंडीच म्हणतो. टाइल बसवली आणि आज निर्धास्त भाजी आणायला गेले.

परत आले तर फाटक सताड उघडं. मधोमध माझी मोगऱ्याची कुंडी. हे पायरीवर बसलेले, हात मातीने भरलेले.

"अहो, कुंडी नाही लावली?"

"लावली की! ही काय!"

शेजारच्या भाभी म्हणाल्या, "आंटीजी, अंकलजी ने तो कमाल कर दिया!" मीही हसले. मग कुंडी उचलता उचलता आठवलं.

ह्यांच्या साताऱ्यात कुंडी म्हणजे झाडाची. पण तरुणपणी नोकरीला इथे आले, इथली कुंडी शिकले आणि लग्नानंतर रोज झोपताना मला विचारायचे, "कुंडी लावली का गं?" आज तो अर्थ त्यांच्याजवळ नव्हता.

नवी टाइल रंगवून 'कडी' लिहीन, ते सोपं आहे. पण तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं माणूस असेल तर खरं सांगा, नंतरचं शिकलेलं आधी जातं का?

मीही त्यांना इंदुरातच भेटले.