टेपचं टोक

तीस वर्षं कपडे बेतणाऱ्या शिंपीणमावशींनी गिऱ्हाइकांची मापं कॉम्प्युटरवर आणायचं मनावर घेतलं आणि एका ऑनलाइन फोरमवरून प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात केली. प्रोग्रॅम चालायचा, पण यादीतलं पहिलं गिऱ्हाईक दरवेळी गायब! फोरमवर विचारलं, तर एकाने फटकारलं, "कॉम्प्युटरची मोजणी शून्यापासून असते, एवढंही कळत नाही?"

मावशींचं डोकंच फिरलं. तणतणत त्यांनी गळ्यातला टेप ओढला आणि त्यांचा हात थबकला. टेपच्या टोकाला एकचा आकडा नव्हताच. पहिला इंच शून्यावरच सुरू होत होता.

त्यांनी टेपचा फोटो काढून फोरमवर टाकला. खाली लिहिलं, "पहिला इंच शून्यावर सुरू होतो, तसंच यादीचं. शिकवायचं ते असं, बाळा."

वर्षभराने कॉलेजातून भाचीचा फोन आला. "मावशी, आज सरांनी शून्यापासूनची मोजणी शिकवताना अख्ख्या वर्गाला तुझ्या टेपचा फोटो दाखवला! फाटलेलं टोक तू लाल दोऱ्याने शिवलंयस ना, त्यावरून मी ओळखला. सगळ्यांना सांगितलं, ही माझी मावशी!"

मशीन थांबवून मावशींनी विचारलं, "टाके सरळ दिसले ना गं?"