आहाब राजाचे दोन साक्षीदार

शिवकांता दिवसा द्राक्षबागेत घड विरळायची आणि सणावाराला कीर्तन करायची. बापाच्या माघारी तिनं चिपळ्या हातात घेतल्या, तेव्हा तामलवाडीजवळच्या त्यांच्या ख्रिस्ती वस्तीत बरीच कुजबुज झाली होती, बाईमाणसानं कशाला उभं राहायचं म्हणून. तिनं त्याच कुजबुजणाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवलं आणि असं रडवलं, की पुन्हा कुणी विषय काढला नाही. तबल्यावर तेव्हापासून धाकटा भाऊ बब्रुवान. तिनं नुसता श्वास घेतला तरी त्याला कळायचं, आता साकीची चाल येणार की दिंडीची.

यंदा सुगीच्या सणाला मांडव कृष्णराज मालकांनी दिला. मालक काही ख्रिस्ती नव्हेत, पण निम्मी वस्ती त्यांच्याच बागेत राबते आणि बब्रुवान त्यांचाच टेम्पो चालवतो. बायबलात एका राजाची आणि द्राक्षमळ्याची गोष्ट आहे, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. मालक खूष.

"अक्का, तीच लावा," म्हणाले. "औंदा बाग लई साधलीय. राजा अन् द्राक्षं, दोन्ही आलं पायजे."

गोष्टीत पुढं काय होतं हे विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि आपणहून सांगायची कुणाची छाती नव्हती. कारण मालकांच्या बागेला लागूनच पिराजीचा तुकडा होता. मालकांनी बदल्यात दुसरीकडं मोठं रान देऊ केलं, तर म्हातारा म्हणाला, "बापानं लावल्याली बाग हाय, बदली नगं." मग एका सकाळी जेसीबी आला आणि मधला बांधच नाहीसा झाला. आता मालक म्हणत होते, पिराजीनंच अदलाबदलीची जबान दिली होती. उद्या तुळजापूरला तहसीलमध्ये सुनावणी. ती जबान आपल्या कानांनी ऐकली, असं सांगायला दोन माणसं उभी राहणार होती. एक मालकांचा मुकादम कल्याणप्पा. दुसरा कोण, ते शिवकांताला कीर्तनाच्याच दिवशी दुपारी पिराजीच्या बायकोकडून कळलं. मुक्ताबाई चिडली असती तर बरं झालं असतं. "तुमच्या बब्रुवानाला म्या कडेवर खेळीवलंय," एवढंच ती म्हणाली.

शिवकांता तडक घरी आली. भाऊ हातोडीनं तबला सुरात लावत बसला होता.

"पिराजीमामा बोलल्यालं तू ऐकलंस?"

"न्हाय."

"मग?"

"दोन शब्द तर बोलायचेत, अक्का. टेम्पो गेला तर लेकरं काय खातील? अन् माझं नाव कोन ध्यानात ठिवतंय? जे व्हायचं ते मालकाच्या नावावर हुईल."

एक मुस्काटात ठेवून द्यावी असं तिला वाटलं. रडूही आलं. पण लेकरांचा बाप झालेल्या माणसाला मारता येत नाही, आणि टेम्पोचं म्हणणं तरी कुठं खोटं होतं?

संध्याकाळी पूर्वरंग संपला, मालकांनी स्वतः हार घातला आणि शिवकांतानं आख्यानाला हात घातला. आहाबानं अरामाच्या राजाला धूळ चारली, हस्तिदंती महाल बांधला. मालक मान डोलवत होते. मग महालाशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा आला आणि मालकांची मान थांबली. मांडवात कुणी कुणाकडं पाहीना. मळा मिळाला नाही म्हणून राजा भिंतीकडं तोंड करून उपाशी पडला. नाबोथानं देवाची निंदा केली, असं सांगायला राणीनं दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाला दगडांनी ठेचलं. इथं धुमाळीचा ठेका अडखळला, सावरला. शिवकांतानं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आवाजच फुटला नसता.

पुढं वेश पालटून लढाईत गेलेल्या राजाला कुणीतरी नेम न धरता सोडलेला बाण लागला. सांज होईतो त्याला रथात तसाच उभा धरला. रथ धुतला तेव्हा त्याचं रक्त कुत्र्यांनी चाटलं.

"अक्का, आवरा आता," मालक बसल्या जागेवरून म्हणाले.

एरवी ती इथंच आवरायची. आज तिनं चिपळ्या खाली ठेवल्या.

"राजाचं नाव ऱ्हायलं," ती म्हणाली. "राणीचं ऱ्हायलं. नाबोथाचं तर ऱ्हायलंच. पर त्या दोन साक्षीदारांची नावं शास्त्रात न्हाईत. माझ्या बापानं धुंडाळली, म्या धुंडाळली. त्यांच्या बी आयांनी पाळण्यात घालून नावं ठिवली असतील की. काय उरलं? दोन अधम माणसं, एवढंच उरलं."

तबला थांबला होता. मांडवाच्या कडेला पिराजी गुडघ्यांत मान घालून बसला होता. मालक उठले. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"बब्रुवान, ऊठ. टेम्पो काढ."

बब्रुवान उठला. आता हा निघाला, असं समजून शिवकांतानं डोळे मिटून घेतले. खिशातली किल्ली वाजल्याचं तिला ऐकू आलं.

"मालक, ही घ्या किल्ली," तो म्हणाला. "पिराजीमामा, म्या काय बी ऐकल्यालं न्हाय. उद्या तुळजापुरात हेच सांगीन. अक्का, त्या दोघांतल्या एकाचं नाव बब्रुवान हुतं."

मालकांनी किल्ली घेतली आणि कल्याणप्पाला घेऊन ते निघून गेले. उद्या कुणाकुणाला कामावरून काढतील याचा धसका सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता, शिवकांताच्याही. शेवटची प्रार्थना राहिली होती. तिनं श्वास घेतला. मागं ठेका सुरू झाला होता.