बोर्डाखालची मेथी

साल दोन हजार चोवीस, मला चौऱ्याहत्तर पूर्ण. चौथीनंतर शाळेची पायरी चढलो नव्हतो, ती त्या हिवाळ्यात रोज चढायला लागलो. कारण आमची नात.

मुलगा केंद्र सरकारात, आर. के. पुरमला क्वार्टर, नात तिसरीत. हिरवं काही ताटात पडलं की ती ताटच सरकवायची. सून म्हणाली, "बाबा, दिल्लीची मुलं अशीच." मी म्हटलं, मुलं सगळीकडची सारखीच, तुम्हाला खाऊ घालता येत नाही. झालं, शब्द गेला. या थंडीत पोरीला मेथी खायला लावीन, नाहीतर महिनाभर तुमचे नूडल्स खाईन. नूडल्स मला बघवतसुद्धा नाहीत.

नात म्हणाली, "मी ग्रो केलेली असेल तर खाईन. पक्का."

नेमकी तेव्हाच शाळेत पौष्टिक आहाराची बाग निघाली. एक ट्रस्ट, एक औषधांची कंपनी आणि एक कोल्ड्रिंकची कंपनी, अशी भागीदारी. मुलं पालेभाजी खात नाहीत म्हणून कोल्ड्रिंकवाल्यांना झोप लागत नव्हती म्हणे. उद्घाटनाला त्यांनी प्रत्येक मुलाच्या हातात एकेक बाटली दिली.

पाणी घालायला कोणी आजोबा येतील का, असं शाळेनं विचारलं. मी गेलो. नातीला म्हटलं, हा तुझा वाफा.

"वाफा म्हणजे क्या?"

"क्यारी."

"तो क्यारी बोलो ना आजोबा, यार."

वाफ्याच्या दक्षिणेला, दोन लोखंडी खांबांवर, तिघांच्या नावांचा बोर्ड होता. थंडीतलं सकाळचं तिरपं ऊन त्याच्या खालून शिरायचं आणि वाफ्यावर पडायचं. मेथी झकास वर आली. मग खतवाली एक कंपनी भागीदार झाली आणि बोर्डाखाली तिच्या नावाची पट्टी लागली.

मी ट्रस्टच्या मॅडमना विचारलं, "पानी कौन डालता है? हमारा नाम किधर है?" मागायला लाज कसली, कष्ट माझे होते. मॅडम खूश झाल्या. "बिल्कुल अंकल, आप कम्युनिटी पार्टनर." आठवड्यात पट्टी आली, सगळ्यांच्या खाली: दादाजी मंडल. मंडळात मी एकटाच होतो, पण तसं पट्टीवर लिहिलेलं नव्हतं. घरी कोणी पाहुणा आला की मी त्याला फिरायला म्हणून शाळेवरूनच न्यायचो.

हळूहळू मेथी पिवळी पडली. देठ लांबले, पानं बारीक राहिली. मॅडमनी माती तपासून घेतली. माती उत्तम निघाली. मग म्हणाल्या, "अंकल, लाइट लगवाएँगे. उसके लिए नया पार्टनर ढूँढ रहे हैं."

मी म्हटलं, "सूरज फुकट में है. बोर्ड हटाओ."

"बोर्ड तो नहीं हटेगा. सब पार्टनर्स से पूछना पड़ेगा."

एवढी शिकलेली माणसं आणि स्वतःची सावली दिसत नाही, असं मी घरी चार दिवस बडबडत होतो. पाचव्या दिवशी नात वाफ्यापाशी उकिडवी बसली आणि मातीवरच्या सावलीवरून बोट फिरवत खाली आली.

"आजोबा, ऊपरवाली उन लोगों की. ये नीचेवाली, मेथीवरची, कोणाची?"

मी म्हटलं, पाणी घाल, वर्गाला उशीर होतोय.

त्या संध्याकाळी सुनेनं माझ्यापुढे वाटी ठेवली. वाटीत नूडल्स. "बाबा, थोडी थोडी सवय करा."

मी वाटी सरकवली. नात माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन शाळेत गेलो. चौकीदार म्हणाला, "अंकल, परमिशन?" मी म्हटलं, दादाजी मंडल की मीटिंग हो गई, सबने हाँ बोला. माझी पट्टी खोलून काढली. वीतभर ऊन आत आलं आणि मेथीच्या पहिल्या ओळीवर पडलं. जमीन दवानं ओली होती, म्हणून पट्टी खाली टाकली, तिच्यावर बसलो आणि गवत काढायला घेतलं.