लिंबं इकडे द्या

"लिंबं इकडे द्या."

सामना जिंकून आम्ही आईबाप मैदानाबाहेरच्या पोह्यांच्या ठेल्यावर पोचलो, की भाऊंचं पहिलं वाक्य हे. आपापल्या पोह्यांवर लिंबू पिळायचं आणि फोड त्यांच्याकडे सरकवायची. न पिळताच दिली तरी चालायचं, पण द्यायची. मग ते स्वतःच्या रुमालानं टेबल पुसत, सात बऱ्या फोडी निवडत आणि एकेक मांडत जात. सात फोडी म्हणजे आमच्या सात मुली. सॉसची बाटली म्हणजे रेफरी. जलेबीची प्लेट म्हणजे जिथे चेंडू नेऊन टेकवायचा ती जागा. एवढं झालं की नुकताच संपलेला सामना टेबलावर पुन्हा सुरू होई, आणि आमचे पोहे थंड होत.

हो, रग्बी. भोपाळमध्ये, मुलींची. तोंड वाकडं करायचं असेल तर करून घ्या, आम्हीही केलं होतं. इथे पोराच्या हातात हॉकी स्टिक दिसली तर कुणी वळून बघत नाही, पण इंद्रपुरीतल्या मुली लांबट चेंडू छातीशी धरून एकमेकींना चिखलात लोळवतात म्हटल्यावर लोक स्कूटर थांबवून बघायचे. माझी मुक्ता त्यात पुढच्या फळीत. वजन वाढव असं जिला कुणी सांगितलं, अशी आमच्या नात्यातली ती पहिली मुलगी.

हे भाऊ नागपूरचे. राजधानी भोपाळला हलली तेव्हा वडील सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, हे स्वतः मोठ्या कारखान्यात लागले. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांची मुलगी रेवा संघात आली, तेव्हा पहिल्या दिवशी ते तिला घरी न्यायलाच आले होते. कुंपणाशी उभं राहून थोडा वेळ बघितलं आणि ओरडले, "अरे, मागे काहून फेकून राहिल्या? समोर जायचं आहे ना!"

कोच मॅडमनी समजावलं, की या खेळात चेंडू हातानं पुढे फेकता येत नाही. मागच्या मुलीला द्यायचा. पुढे जायचं ते चेंडू घेऊन स्वतः पळत.

"म्हणजे पुढे जायसाठी मागे द्यायचं," भाऊ म्हणाले. "वा रे खेळ."

त्या दिवशी हसले आणि पुढच्या आठवड्यापासून कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर परदेशातले सामने बघू लागले. पावसाळा संपायच्या आत मॅडमना सूचना द्यायला लागले. असे एक गृहस्थ तुमच्याही ओळखीत असतील. फरक इतकाच, की आमचे भाऊ बऱ्याचदा बरोबर असायचे, त्यामुळे त्यांना गप्प करणं अवघड जायचं.

त्यांचं एक ठरलेलं होतं. चेंडू घेऊन कोण पळालं याचं त्यांना कौतुक नव्हतं. "पळणं कोणालाही येते. पाडलं कोणी ते सांगा."

यावरून खानसाहेबांशी दर सामन्याला जुंपायची. खानसाहेबांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, आणि त्यांची झोया आमची सगळ्यांत वेगवान मुलगी. अस्सल भोपाळी असल्यानं ते भाऊंनाही 'खां' म्हणायचे.

"को खां, दो बार लाइन पार करके आई है मेरी बच्ची. और आप कह रहे हैं ठीक-ठाक?"

"भागी, खानसाब. अच्छा भागी. गिराया किसको?"

"पकड़ेगी तब न गिराएगी! उसके पास कोई पहुँचे तो सही."

"वही तो. आप उसको बस पकड़ने भेजते हैं क्या, जो इतना भागती है?"

माझ्या मुक्ताबद्दल ते म्हणायचे, "ताई, तुमची पोरगी भिंत आहे. पण भिंतीनं कधीमधी सरकायला पण पाहिजे ना बाप्पा." मुक्ता हे ऐकून खो खो हसायची आणि माझ्या प्लेटमधली जलेबी उचलायची.

सातवी फोड रेवाची. ती ते शेवटी मांडत. तिघी-तिघी खांद्याला खांदा लावून ढकलत असतात ना, त्यांच्या पायांशी, अगदी चिकटून. ती तिथेच वाकून उभी राहायची, चेंडू बाहेर आला की उचलायची, आणि समोरची कुणी निसटली तर तिथूनच झेप घेऊन पाडायची. सगळ्यांचं उणंदुणं काढून झालं की त्या फोडीवर बोट ठेवून भाऊ म्हणत, "ही ठीक." एवढंच. आमच्या संघात यापेक्षा मोठं बक्षीस नव्हतं.

बाकी कामं ते न बोलता करायचे. रेवाचा दातांवर घालायचा पट्टा गरम पाण्यात मऊ करून तिच्या दातांवर बसवला तो त्यांनी. चेंडू उभा करून लाथ मारायला बैठक लागते, ती कारखान्यातल्या नायलॉनच्या तुकड्यातून घडवून आणली. अजून तीच वापरात आहे.

एका सामन्यात तो पट्टा निघाला आणि रेवाचा पुढचा दात तुटला. बर्फाची बादली आणि औषधांची पिशवी माझ्याकडे असायची, त्यामुळे तिचं तोंड मीच धुतलं. भाऊ धावत आले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी गवतातून दात शोधला, चष्म्याच्या डबीत ठेवला आणि ठेल्यावर येऊन सगळ्यांना दाखवला. पोहेवाल्यालाही. "दात गेला. चेंडू नाही सोडला पोरीनं." ती डबी त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या खिशात होती. ओळखीचा माणूस दिसला की उघडायचे.

दातावर टोपी बसवली. रंग किंचित वेगळा आला.

पुढच्या थंडीत नागपूरहून एक स्थळ आलं. मुलगा चांगल्या नोकरीत, घर स्वतःचं. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, मला मदतीला बोलावलं. "तुम्हाला चार माणसांत बोलता येतं," म्हणाल्या. मी गेले. रेवानं पोहे आणले. त्यावर लिंबाच्या फोडी होत्या, आणि मला उगाच वाटलं, की आता भाऊ म्हणतील, इकडे द्या.

मुलाची आत्या बारीक नजरेची. बशी हातात घेत म्हणाली, "पुढचा दात जरा वेगळा वाटतो का हो?"

भाऊ म्हणाले, "बाथरूममध्ये पडली. फरशी ओली होती."

फरशी ओली होती. म्हणजे नुसती थाप नाही मारली, ती नीट पुसून, चमकवून समोर ठेवली. रेवा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. वडिलांकडे बघत होती. मी तिला कितीतरी वेळा अशी बघताना पाहिलं होतं, चेंडू बाहेर येईल म्हणून वाट बघताना. आला नाही.

"खेळाबिळाची आवड?" आत्यानं विचारलं.

"शाळेत असताना थोडं बॅडमिंटन," भाऊ म्हणाले.

स्थळ पक्कं झालं. साखरपुड्याच्या आधीच आमचा अंतिम सामना होता. राज्याचा संघ निवडणारी माणसं तो बघायला येणार होती, आणि त्यात खेळणाऱ्यांतूनच निवड व्हायची होती. रेवा या एका गोष्टीसाठी चार वर्षं पहाटे उठत होती. तिनं तेवढा एक सामना मागितला. भाऊ नाही म्हणाले. तोंडाला काही झालं तर साखरपुड्याला कशी उभी राहणार?

मी त्यांच्या घरी गेले. रडायला नाही, विचारायला.

"भाऊ, दात गेला तेव्हा तुम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते."

"ताई, तेव्हा ती खेळाडू होती."

"आणि आता?"

"आता तिचं लग्न आहे."

वहिनींनी चहा आणला. मी पिऊन निघाले. दारात रेवाचे बूट होते, धुऊन, आत कागद कोंबून, उन्हात ठेवलेले. कुणी तरी ते घालणार असल्यासारखे.

अंतिम सामन्याला भाऊ येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते सगळ्यांच्या आधी आले. रेवाच्या जागी अयोध्या नगरची एक नवी मुलगी होती, अंगात रेवाचीच जर्सी. भाऊ त्या दिवशी ओरडले तसे कधीच ओरडले नसतील. "पाड! पाड तिला!" गळ्याच्या शिरा टरारून वर. मी बर्फ फोडत त्यांच्याकडे बघत होते आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की या माणसाला आज काहीही करून जिंकायचं आहे. हरलो असतो तर का हरलो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिंकलो तर त्यांनी काही बिघडवलं नाही, असं ठरणार होतं.

शेवटच्या क्षणी समोरची एक मुलगी निसटली, एकटी, पुढे मोकळं मैदान. तिला मागून कुणीतरी पाडलं. शिट्टी वाजली. जिंकलो.

ठेल्यावर आम्ही सगळे. मुलीही आल्या होत्या. रेवासुद्धा होती. सामना तिनं पलीकडच्या बाजूला आईबरोबर बसून पाहिला होता, आता मुक्ताच्या मागे उभी होती, तोंडाला ओढणी.

"लिंबं इकडे द्या," भाऊ म्हणाले.

आम्ही दिली. रुमाल निघाला, टेबल पुसलं गेलं, फोडी बसल्या. झोया पळाली, पण आज जरा कामाची पळाली. मुक्ता सरकली एकदाची. खानसाहेब खूश होते. मग सातवी फोड. तिघींच्या पायांशी, चिकटून.

"आणि ही नवीन पोरगी," भाऊ म्हणाले. आवाज बसला होता, तरी चढवून बोलत होते. "शेवटी काय उठली! इथे वाकलेली होती, इथून अशी झेप घेतली आणि पाडलं. ही खरी खेळाडू." मग सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाले, "सांगायचं तर, रेवाची कमी जाणवली नाही."



रेवा पुढे आली. तिनं ती सातवी फोड उचलली आणि टेबलाच्या पार डाव्या कडेला नेऊन ठेवली.

"बाबा, ती इथे होती. पूर्ण सामना इथेच होती. तिनं नाही पाडलं, झोयानं पाडलं, मागून पळत येऊन." मग तिनं मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे मी असते."

झोयानं मान हलवली. मुक्तानंही. आम्ही सगळ्यांनी तेच पाहिलं होतं. पूर्ण सामना भाऊंनी तिथे रेवालाच बघितलं होतं, आणि तिची कमी जाणवली नाही म्हणून सांगत होते.

ते त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग रुमाल घडी करून खिशात घातला आणि उठले. पोहे तसेच.

लोक मला म्हणतात, बापाचं मन, त्यालाही त्रास झालाच असेल. झाला असेल. मला त्याची कीव येत नाही. त्या निवडीत मुक्ता गेली, झोया गेली, आणि रेवाच्या जागेवर अयोध्या नगरची ती मुलगीही गेली. चांगली मुलगी आहे. रेवापेक्षा उन्नीसच.

लग्न झालं. भाऊ निवृत्त होऊन मिसरोदला फ्लॅटमध्ये राहायला गेले. आमचा सामना असला की तेवढ्या लांबून येतात, पण आत येत नाहीत. गेटजवळ स्कूटरवर बसून बघतात, हेल्मेट न काढता. आपल्याला कुणी ओळखत नाही असं त्यांना वाटतं. शिट्टी वाजली की निघून जातात.

मागच्या रविवारी आम्ही पुन्हा जिंकलो. ठेल्यावर बसलो तोच रेवाचा व्हिडिओ कॉल आला. प्रत्येक सामन्यानंतर येतो. "जिंकलो का, काकू?" ती अजून तसंच विचारते. कोण कसं खेळलं ते तिला सविस्तर लागतं. मुक्तानं सगळ्यांच्या प्लेटमधल्या फोडी ओढल्या, टेबलावर मांडल्या आणि मी फोन वर धरला.

"पळालं कोण ते नको सांगूस," पडद्यावरून रेवा म्हणाली. "पाडलं कोणी?"

मुक्ता सांगू लागली. तेवढ्यात रेवाच्या मागून तिच्या सासूचा आवाज आला, "कोणाशी बोलून राहिली गं? आणि एवढी लिंबं कसली?"

रेवानं मान वळवली. "काकू आहेत, आई. भोपाळच्या. लिंबाच्या लोणच्याचं विचारून राहिले होते."

जरासुद्धा न अडखळता. मग पुन्हा माझ्याकडे बघून, मोठ्यानं, "काकू, मीठ किती म्हणालात?"

मी गेटकडे बघितलं. स्कूटर निघून गेली होती.

"चार वाट्या फोडींना एक वाटी," मी म्हटलं. "आणि बरणी कोरडी हवी."