आदाप्पा डॉक्टरांचा कौल

बरा झालेला रोगी पाया पडायला आला, की आमचे आदाप्पा डॉक्टर त्याच्याशी वादच घालत. "बरा झालास ते झ्याक झालं. खरं माझ्या औषधानंच बरा झालास कशावरनं?" रोगी बिचारा गोंधळून जाई. दुसऱ्या दवाखान्यांत अशा वेळी भोपळे नि काकड्या येत. आमच्याकडे शंका निघत. मी त्यांचा कंपाउंडर. सदलग्याच्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली माझी उभी हयात गेली, आणि इतका सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

इंग्रजांचा अंमल होता. एका उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली. लस तेव्हा आमच्याकडे नवी. तिचा गुण किती, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. त्यात शेजारच्या एका गावासाठी आली ती निम्म्या माणसांपुरतीच. तिथल्या पाटलांचा लगेच निरोप आला, आधी आमच्या घरी या. डॉक्टर गेले आणि म्हणाले, "आप्पा, तुमच्या घरात आड हाय. बाकीचं गाव नदीचं पाणी पितंय. तुम्ही वाचलासा तर लशीनं वाचलासा का आडानं, हे मला कसं कळायचं?"

मग द्यायची कुणाला? डॉक्टर धर्मानं जैन, गावदेवीच्या देवळात कधी न जाणारे. पण त्यांनीच गुरवाला कौल लावायला सांगितलं. देवीला दोन्हीकडे फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर त्या माणसाला लस, डावं पडलं तर नाही. कौल कुणासाठी आहे, ते मात्र गुरवाला आधी कळू द्यायचं नाही. पाटील हसले. आमच्या देवीवर तुमचा विश्वास कधीपासून, असं त्यांनी विचारलं.

"इस्वास न्हाय, आप्पा. खरं, फूल कुणाची भीड धरत न्हाय. तुम्ही धरशीला, मीबी धरीन."

डॉक्टरांच्या पत्नी, पद्माक्का, रोग्यांची उठबस करायला त्याच गावात येऊन राहिल्या होत्या. त्यांनीही कौलात आपलं नाव घातलं. फूल डावं पडलं. मला राहवेना, सुई भरून मी त्यांच्याजवळ गेलो. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मागे हटल्या त्या पद्माक्काच. "समद्या गावानं बघितलंय, बाबू. ठेव ती."

पुढे पटकीनं त्यांना गाठलं आणि त्या गेल्या. त्या साथीत डाव्या कौलाची माणसं उजव्यांपेक्षा बरीच जास्त दगावली. पाटील रडत दवाखान्यात आले. लस टोचली असती तर आक्का आज असत्या, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. डॉक्टरांनी त्यांना खाली बसवलं.

"गावाचं थोडंफार कळलं, आप्पा. हिचं एकटीचं न्हाय कळायचं. लस घेतलेलीबी काही गेलीच की."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. हा माणूस आहे की दगड, असं वाटलं. जो प्रश्न ते रोग्यांना हसत घालत, तोच आता त्यांच्या घरी मुक्कामाला आला होता, हे मला फार उशिरा उमगलं.

पुढच्या साली लस भरपूर आली. गुरव आपणहून फुलं घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला माघारी पाठवलं आणि सगळ्या गावाला टोचलं. रांग संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणी राहिलं का रं, बाबू?"

कुणी राहिलं नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक गावात ते मला हेच विचारत, आणि माझं उत्तर ऐकूनही सुई लगेच खाली ठेवत नसत.