संत्र्याच्या अत्तराच्या दोन कुप्या

तुमचे बाबा माझ्या पोटचे नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते माझ्या थोरल्या बहिणीचे. ती तापाने गेली तेव्हा ते जेमतेम बसायला लागले होते. मी सुट्टीवर कॉलेजातून घरी आले होते.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचं काही घरात ठेवत नसत. दहाव्याला तिची लुगडी, फणी, अत्तराची कुपी, सगळं वैनगंगेत सोडलं. त्याबरोबर तिचा वासही घरातून गेला, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. लेकरू मात्र कोणाच्याही मांडीवर दूध घेईना. बकरीच्या दुधाचा कापसाचा बोळा तोंडाशी नेला की मान फिरवायचं. अंग तापलेलं, टाळू खोल गेलेली. रडायचा आवाजही बारीक झाला होता.

तेरावं झालं आणि मार्कंड्याची जत्रा भरली. बहीण तिथल्याच अत्तरवाल्याकडून कुपी घ्यायची. आई आणि मी लेकराला घेऊन बैलगाडीने गेलो. नदीच्या वाळूत मांडलेल्या दुकानातून अत्तरवाल्याने दोन कुप्या काढल्या. दोन्हींत संत्र्याची साल आणि वर व्हॅनिलाचा गोडवा, आमच्या शाळेतल्या मिशनच्या बाई करायच्या त्या कस्टर्डासारखा. बहीण यातलं कोणतं न्यायची, असं मी विचारलं.

“दोन्ही संत्र्याचेच आहेत बाई. मले कसं आठवन?”

मी एकेक थेंब एकेका मनगटावर चोळला. वास घेतला, पुन्हा घेतला. नाक बधिर झालं. दोन्ही तिचे वाटले, मग एकही वाटेना. दोन्ही लावते म्हटलं, तर आईने हात धरला.

“एकच लाव. दोन वासाचं माणूस लेकरू ओळखत नाई. अन् आता त्याच्यात जीव किती उरला, पाह्यतं ना?”

मी डोळे मिटून बहिणीला आठवू लागले. माझी वेणी घालताना ती वाकायची तेव्हा काय यायचं? काही आठवेना. आठवलं ते एवढंच, की ती खोलीतून उठून गेल्यावर मागे गोडवा राहायचा, संत्रं नाही. डाव्या मनगटावरचं संत्रं उडून नुसता गोडवा राहिला होता. उजव्यावर संत्रं अजून होतं. मी उजवा हात वाळूने घासून धुतला, डाव्या हातावर लावलेलं अत्तर पदराला आणि गळ्याला लावली आणि लेकराला घेतलं.

ते गप्प झालं. नाक माझ्या गळ्याशी नेलं, पदर मुठीत धरला. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत रडलं नव्हतं असं रडलं. पुन्हा पदरात तोंड घाली, पुन्हा वर पाही.

“ओळखलं त्यानं,” आई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

वास बरोबर निघाला होता, म्हणूनच ते माझ्यात तिला शोधत होतं. शोधून दमलं तेव्हा मी बोळा ओठांना लावला. रडत रडतच त्याने तो ओढला. बोळा पुन्हा बुडवायला आईने घरून आणलेल्या दुधाची वाटी पुढे केली. मी जागची हललेही नाही, वास हलेल म्हणून.